नोड, तारा आणि सेल: डिझाइन आणि स्प्रेडशीटमधल्या व्हिज्युअल प्रोग्रॅमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रासहॉपर किंवा डायनामो ही ठोकळे आणि तारा जोडून डिझाइन करायची साधनं शिकायला बसलेले बरेच जण पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, "मला प्रोग्रॅमिंग येत नाही." एक्सेल वापरता का, असं विचारलं की उत्तर येतं, "ते तर रोजचंच आहे." खरं तर ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, हे एकदा नीट लक्षात आलं की दोन्ही साधनं सोपी होतात. म्हणून दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत.

व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅम ओळीखाली ओळ टाइप करण्याऐवजी पडद्यावर मांडायचा. मांडणीत ठोकळे असतात आणि प्रत्येक ठोकळ्याकडे एकच काम असतं: भागाकार, पूर्णांक करणं, दोन बिंदूंमध्ये रेघ, वक्राचे समान भाग. डावीकडून माहिती आत येते, उजवीकडून निकाल बाहेर पडतो. एकाचा निकाल दुसऱ्याला हवा असेल तर मध्ये तार ओढायची. ठोकळ्याला कुणी नोड म्हणतं, कुणी कम्पोनंट, आणि ज्या मोकळ्या जागेत हे सगळं मांडायचं तो कॅनव्हास.

डिझाइनच्या जगात राइनो या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ग्रासहॉपर, इमारतींच्या आराखड्यांच्या रेव्हिटबरोबर चालणारं डायनामो, ब्लेंडरचे जॉमेट्री नोड्स आणि हूडिनी ही नावं सतत कानावर पडतात. संगीतकारांकडे मॅक्स आणि प्युअर डेटा आहेत, मोजमापं आणि चाचण्या करणाऱ्या इंजिनिअरांकडे लॅबव्ह्यू.

मुलांना शिकवतात ते स्क्रॅचही हेच का?

नाव एकच लागलं तरी जात वेगळी. २००७ मध्ये एमआयटीतून आलेल्या स्क्रॅचमध्ये ठोकळे एकाखाली एक अडकवतात आणि ते वरून खाली त्याच क्रमाने चालतात. म्हणजे "आधी हे कर, मग ते कर". ग्रासहॉपरमधली तार क्रम सांगत नाही, ती माहिती कुठून कुठे जाते ते सांगते. गेम बनवायच्या अनरियल इंजिनच्या ब्लूप्रिंटमध्ये दोन्ही आहेत: पांढरी तार क्रमाची आणि रंगीत तारा माहितीच्या. एकातून दुसऱ्यात येणाऱ्याची गाडी इथेच अडते. तो ग्रासहॉपरमध्ये "आधी" आणि "मग" शोधत राहतो, आणि तिथे ते नसतंच.

मग स्प्रेडशीटचा इथे काय संबंध? ती तर हिशेबाची वही.

संबंध अगदी सख्खा आहे. स्प्रेडशीटच्या सेलमध्ये आपण क्रम लिहीत नाही, नातं लिहितो. "बी४ म्हणजे बी१ भागिले बी३." बी१ बदललं की बी४ आपोआप बदलतं. ग्रासहॉपरमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त नातं पत्त्याऐवजी तारेने दाखवलेलं असतं.

फरक आहे तो समोर काय दिसतं यात. स्प्रेडशीट आकडे दाखवते आणि तारा लपवते. नोडचा कॅनव्हास तारा दाखवतो आणि आकडे लपवतो. शीटमध्ये १६६.६७ दिसतं, पण ते कुठून आलं हे सेलमध्ये शिरल्याशिवाय कळत नाही. कॅनव्हासवर भागाकाराचा ठोकळा आणि त्याच्या दोन तारा दिसतात, पण आत्ता त्यातून किती बाहेर पडतंय हे पॅनेल, म्हणजे आतली माहिती दाखवणारी चौकट, जोडल्याशिवाय कळत नाही. दोन्हीकडची बहुतेक डोकेदुखी या लपलेल्या अर्ध्या भागातून येते. तो अर्धा भाग उघडा करायची सवय लागली की निम्मं काम झालं.

थॉमस ग्रीन आणि मरियन पेट्री यांनी १९९६ मध्ये व्हिज्युअल प्रोग्रॅमिंगच्या वापराचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यात स्प्रेडशीटच्या या दुखण्याला त्यांनी लपलेली अवलंबनं म्हटलं आहे. उलट बाजूही त्यांनी सोडली नाही: तारांच्या मांडणीत छोटासा बदल करायलाही मजकुरातल्या कोडपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, कारण बदल करायचा म्हणजे आधी ठोकळे सरकवून जागा करायची.

एखादं उदाहरण दोन्हीकडे करून दाखवाल का?

जिना घेऊ. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर. एका पायरीची उंची, म्हणजे रायझर, १७५ पेक्षा जास्त नको. पाय ठेवायची जागा, म्हणजे ट्रेड, २८० मिलिमीटर.

शीटमध्ये बी१ मध्ये ३०००, बी२ मध्ये १७५. बी३ मध्ये बी१ भागिले बी२, राउंडअप करून: १७.१४ चे १८ रायझर. बी४ मध्ये बी१ भागिले बी३: १६६.६७. बी५ मध्ये २८०. बी६ मध्ये जिन्याची एकूण लांबी: ट्रेड रायझरपेक्षा एकने कमी असतात, कारण शेवटचा रायझर थेट वरच्या मजल्यावर पोचतो, म्हणून १७ गुणिले २८०, म्हणजे ४७६०. बी७ मध्ये एक पडताळणी: दोन रायझर अधिक एक ट्रेड. हा आकडा साधारण ६०० ते ६४० मध्ये बसला तर चढताना पाऊल सहज पडतं. इथे ६१३.३३ येतो, म्हणजे ठीक.

आता हेच ग्रासहॉपरमध्ये. उंचीसाठी एक स्लायडर, १७५ साठी दुसरा. दोन्ही तारा डिव्हिजनमध्ये, तिथून राउंडमध्ये. राउंडला तीन निकाल असतात: जवळचा पूर्णांक, खालचा आणि वरचा. आपण वरचा घ्यायचा. मग उंची भागिले तो आकडा. पुढे दोन सिरीज: एक शून्यापासून २८० च्या टप्प्याने १७ आकडे देणारी, दुसरी १६६.६७ पासून १६६.६७ च्या टप्प्याने १७ आकडे देणारी. दोन्ही कन्स्ट्रक्ट पॉइंटला दिल्या, पहिली एक्सला आणि दुसरी झेडला, की प्रत्येक ट्रेडची पुढची कड बिंदू बनून राइनोत उभी राहते.

आता उंचीचा स्लायडर हलवा. ३१५० ला १८ रायझर, प्रत्येक बरोबर १७५. लांबी अजून ४७६०. एक मिलिमीटर पुढे, ३१५१ ला, १९ रायझर होतात, प्रत्येकाची उंची उतरून १६५.८४ वर येते आणि जिना एकदम ५०४० लांब होतो. एका मिलिमीटरसाठी जमिनीवरची २८० मिलिमीटर जागा गेली.

शीटमध्येही हीच उत्तरं मिळतात, पण उडी दिसत नाही. ३००० खोडून ३२०० लिहिलं की फक्त ५०४० दिसतं. मध्ये काय घडलं ते कळत नाही. स्लायडर ओढताना जिना टुणकन लांब होताना दिसतो आणि मजल्याची उंची ३१५० वरच ठेवावी, हे डोळ्यांना कळतं. डिझाइन करणाऱ्यांना तारांची ही साधनं का धरून ठेवतात, याचं माझ्या मते हेच खरं कारण.

उलट, बी७ ची ती पडताळणी शीटमध्ये सहज सुचली आणि कायम समोर राहिली. कॅनव्हासवर तीच मुद्दाम पॅनेल लावून ठेवावी लागते, आणि घाईत ती राहून जाते.

गणित कोणत्या क्रमाने होतं? वरून खाली, की डावीकडून उजवीकडे?

दोन्हीही नाही. कोण कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा साधन स्वतः करतं. ज्यांना कुणाचीच वाट पाहायची नाही ते आधी, मग त्यांच्यावर टेकलेले. ठोकळा कॅनव्हासच्या कुठल्याही कोपऱ्यात नेऊन ठेवा, उत्तर बदलणार नाही. एक आकडा बदलला की फक्त त्याच्या पुढचा भाग पुन्हा मोजला जातो.

हे आज गृहीत धरलं जातं, पण सुरुवातीला तसं नव्हतं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल २ वर आलं, तेव्हा ते शीट रांगेने किंवा स्तंभाने मोजायचं. एखादा सेल पुढच्या सेलवर अवलंबून असला तर खरं उत्तर यायला पुन्हा मोजायला सांगावं लागे. अवलंबनानुसार मोजण्याची सोय १९८३ च्या लोटस १-२-३ ने सगळ्यांच्या हातात दिली.

सर्क्युलर रेफरन्स म्हणून ओरडतंय. काय करू?

ए ला बी हवं आणि बी ला ए हवं, असा फेरा पडलाय. सुरुवात कुठून करायची हेच साधनाला ठरवता येत नाही. एक्सेलमध्ये पुनरावृत्तीची परवानगी देता येते: ठरावीक फेऱ्या मारायच्या, मुळात १००, किंवा उत्तरातला फरक ०.००१ च्या खाली गेला की थांबायचं. पण ही परवानगी सहसा देऊ नका. ती पूर्ण फाइलला लागू होते आणि मग चुकून पडलेला फेराही बिनबोभाट चालू राहतो.

ग्रासहॉपर फेरा घेतच नाही, लाल होऊन थांबतो. खरोखर फेऱ्यांची गरज असेल, म्हणजे मागच्या पायरीच्या उत्तरावर पुढची पायरी वाढवायची असेल, तर ॲनिमोनसारखं प्लगइन लागतं. ब्लेंडरच्या जॉमेट्री नोड्समध्ये त्यासाठी रिपीट झोन आहे. बहुतेक वेळा मात्र फेरा म्हणजे चुकीच्या जागी लावलेली तार असते.

हे सगळं कधी सुरू झालं?

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड केलं. पडद्यावर लाइट पेनने रेघ काढायची आणि "या दोन रेघा समांतर राहू देत" अशी अट घालायची. एक रेघ हलवली की दुसरी अट पाळत हलायची. १९६६ मध्ये त्यांचे थोरले भाऊ विल्यम सदरलँड यांनी त्याच यंत्रावर चित्रातूनच प्रोग्रॅम मांडायची पद्धत दाखवली: ठोकळे, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि रेघांतून वाहणारी माहिती. एका भावाकडून आजचं पॅरामेट्रिक डिझाइन येतं, दुसऱ्याकडून नोडचा कॅनव्हास, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पुढे १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क, १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर एक्सेल, १९८६ मध्ये लॅबव्ह्यू. त्याच दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट यांनी मॅक्स लिहायला घेतलं. २००७ मध्ये डेव्हिड रटन यांनी राइनोसाठी एक्सप्लिसिट हिस्ट्री नावाचं प्लगइन केलं. तेच पुढे ग्रासहॉपर झालं आणि २०१८ च्या राइनो ६ पासून राइनोबरोबरच येऊ लागलं. ब्लेंडरमध्ये जॉमेट्री नोड्स २०२१ च्या २.९२ आवृत्तीत आले.

एक्सप्लिसिट हिस्ट्री हे जुनं नाव मला आजही जास्त नेमकं वाटतं. मॉडेल कसं घडत गेलं, तो इतिहासच तर कॅनव्हासवर उघडा मांडलेला असतो.

ग्रासहॉपरमध्ये याद्या आणि डेटा ट्री डोक्यावरून जातात. सोपं करून सांगाल?

ग्रासहॉपर अर्ध्यावर सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात, म्हणून थोडं थांबून पाहू.

वर चार बिंदू, खाली तीन बिंदू, आणि दोन्ही याद्या लाइन कम्पोनंटला दिल्या. किती रेघा? चार. पहिला पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. चौथ्याला जोडीदार नाही, म्हणून खालच्या यादीतला शेवटचाच बिंदू पुन्हा वापरला जातो. कसलीही सूचना येत नाही. चौथी रेघ तिरकी होऊन तिसऱ्या बिंदूवर येऊन बसते, आणि ती तिथे का आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता प्रत्येक वरच्या बिंदूपासून प्रत्येक खालच्या बिंदूपर्यंत रेघ हवी, म्हणजे बारा. वरच्या यादीवर राइट क्लिक करून ग्राफ्ट करा. ग्राफ्ट म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र फांदी देणं. आता वर चार फांद्या आहेत, प्रत्येकीत एक बिंदू. खाली एकच फांदी आहे, तिच्यात तीन. प्रत्येक वरची फांदी त्या तिघांना भेटते: चार फांद्या, प्रत्येकीत तीन रेघा. फांद्या नको असतील तर पुढे फ्लॅटन, की बाराही रेघा एका यादीत. दोन्ही बाजूंना ग्राफ्ट केलं तर? पुन्हा चारच रेघा, पण प्रत्येक वेगळ्या फांदीत. "काहीच होत नाही म्हणून दोन्हीकडे ग्राफ्ट केलं" हे फार ऐकू येतं, आणि गुंता तिथूनच वाढतो.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत हेच शेजारी ठेवून पाहा. चार सेलचा उभा स्तंभ अधिक तीन सेलचा उभा स्तंभ: पहिली तीन उत्तरं येतात आणि चौथ्या जागी एन/ए. चार सेलचा स्तंभ अधिक तीन सेलची आडवी रांग: चार बाय तीनचा तक्ता, बारा उत्तरं. म्हणजे एक यादी आडवी करणं हेच एक्सेलमधलं ग्राफ्ट. एक्सेल चौथ्यापाशी चूक दाखवतं, ग्रासहॉपर शेवटचा बिंदू घेऊन पुढे जातं. एक्सेलचं वागणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. डायनामोत हीच निवड लेसिंग या नावाने प्रत्येक नोडवर असते: छोट्या यादीपर्यंत थांबा, मोठ्या यादीपर्यंत जा, किंवा सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावा.

एक सोय जरूर वापरा. ग्रासहॉपरच्या डिस्प्ले मेन्यूत फॅन्सी वायर्स सुरू ठेवा. एकेरी तार म्हणजे एकच वस्तू, दुहेरी तार म्हणजे यादी, दुहेरी तुटक तार म्हणजे फांद्यांचं झाड, म्हणजेच डेटा ट्री. जिथे एकेरी अपेक्षित होती तिथे तुटक दिसली, की चूक पॅनेल न लावताही सापडते.

तारांचा गुंता झालाय, फाइल उघडायची भीती वाटते. उपाय?

संगणकतज्ज्ञ पीटर डॉइश यांच्या नावाने एक मर्यादा सांगतात: व्हिज्युअल भाषेत पडद्यावर एका वेळी पन्नासच्या वर ठोकळे मावत नाहीत. मजकुराच्या एका पानावर त्याहून कितीतरी जास्त मावतं. त्यामुळे गुंता होणं हा तुमचा दोष नाही, तो या माध्यमाचा गुण आहे, आणि त्याला धरूनच मांडावं लागतं.

एकत्र काम करणाऱ्या ठोकळ्यांचा गट करा आणि गटाला नाव द्या: "रायझर मोजणं", "ट्रेडच्या कडा". नावात काय केलं आहे ते असू द्या. "गट ३" असं नाव चार महिन्यांनी काहीच सांगत नाही. सगळे स्लायडर एका जागी, अगदी डावीकडे. तेच सात ठोकळे दुसऱ्यांदा कॉपी करायची वेळ आली तर त्यांचा क्लस्टर करा, म्हणजे ते सगळे एकाच ठोकळ्यात बांधा. तारा लपवायची सोय आहे, पण ती जपून वापरा. लपवलेली तार म्हणजे कॅनव्हासने स्प्रेडशीटचं दुखणं अंगावर ओढवून घेणं.

स्प्रेडशीटमध्ये कोड न लिहिता क्लस्टरच्या जोडीचं काही करता येत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने लॅम्डा जाहीर केलं आणि साध्या फॉर्म्युल्यांतूनच स्वतःचं फंक्शन बनवून त्याला नाव देता येऊ लागलं. जिन्याचं पूर्ण गणित "रायझर" नावाच्या एका फंक्शनात घाला, त्याला उंची आणि कमाल रायझर द्या, झालं. लॅम्डा स्वतःलाच बोलावू शकत असल्याने एक्सेलची फॉर्म्युल्यांची भाषा त्या दिवसापासून तत्त्वतः पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा झाली.

स्प्रेडशीटमध्ये इतक्या चुका का होतात?

कारण तारा दिसत नाहीत. सगळ्यात गाजलेलं उदाहरण कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचं. २०१० मध्ये त्यांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध मांडला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतला विद्यार्थी थॉमस हर्नडन याने त्यांची मूळ शीट तपासली, तेव्हा सरासरीचा फॉर्म्युला पाच रांगा आधीच संपत असल्याचं दिसलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश हिशेबात आलेच नव्हते. निष्कर्षातला सगळा फरक या एका चुकीने पडला नव्हता. वजनं कशी दिली आणि कोणती वर्षं वगळली, याचा वाटा त्याहून मोठा होता. पण पाच देश गळाले आणि तीन वर्षं कुणाला दिसलं नाही, ही गोष्ट खरी. तेच गणित कॅनव्हासवर असतं, तर यादीच्या ठोकळ्यातून किती वस्तू बाहेर पडताहेत हे पॅनेलने मोजून सांगितलं असतं.

अशी चूक माझ्या हातूनही झाली आहे. एका इमारतीच्या दर्शनी भागाच्या पॅनेलांची यादी शीटमध्ये होती आणि खाली एकूण क्षेत्रफळ. नंतर वाढलेली बारा पॅनेलं मी शेवटच्या रांगेखाली घातली, बेरजेच्या पट्ट्याबाहेर. बेरीज पूर्वीचीच राहिली आणि पत्रा तेवढा कमी मागवला गेला. आता बेरजेशेजारी रांगा मोजणारा एक सेल मी नेहमी ठेवते. यादीत किती पॅनेलं आहेत आणि बेरजेत किती धरली, हे दोन आकडे जुळले नाहीत तर तो सेल लाल होतो.

दुसरी जात मर्यादेची. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले, कारण माहिती जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ रांगाच मावतात. आजच्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. पण मर्यादा मोठी असण्यापेक्षा ती ओलांडल्यावर कुणीतरी सांगणं महत्त्वाचं.

तिसरी जात आपोआप बदलण्याची. जनुकांची काही नावं महिन्यांसारखी दिसतात, म्हणून शीट त्यांच्या तारखा करून टाकायची. ही इतकी पसरलेली अडचण होती की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. असं आपोआप रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

लपलेल्या तारा पाहायच्या तरी कशा?

फॉर्म्युला टॅबमधलं ट्रेस प्रिसिडंट्स दाबा. प्रिसिडंट म्हणजे ज्या सेलवर हा सेल अवलंबून आहे तो. निळे बाण उमटतात आणि शीट चक्क ग्रासहॉपरसारखी दिसू लागते. फॉर्म्युल्याचा एखादा तुकडा निवडून एफ९ दाबलं की त्या तुकड्याचं आत्ताचं उत्तर दिसतं. पाहून झालं की एस्केप दाबा, नाहीतर तो आकडाच तिथे कायमचा बसतो.

त्याहून कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे आर१सी१ पद्धत. तिच्यात पत्ते "माझ्या डावीकडचे दोन" अशा रूपात दिसतात. खाली ओढून भरलेल्या शंभर सेलमध्ये मग अक्षर न अक्षर सारखा फॉर्म्युला दिसतो, आणि मध्येच कुणी हाताने आकडा टाकला असेल तर तो लगेच उठून दिसतो. दुसऱ्याची शीट तपासताना मी सगळ्यात आधी हेच करते.

शीट आणि ग्रासहॉपर एकमेकांना जोडता येतात का?

येतात, आणि जोडावेतच. डायनामोत एक्सेल वाचायचे नोड आधीपासून आहेत. ग्रासहॉपरमध्ये त्यासाठी प्लगइन आहेत, पण साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची फाइल, रीड फाइल या ठोकळ्याने वाचून स्वल्पविरामावर तोडणं मला जास्त भरवशाचं वाटतं. काही भाषांच्या सेटिंगमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, तेवढं आधी पाहून घ्या. माहिती एकाच दिशेने जाऊ द्या: अटी आणि मापं शीटमधून कॅनव्हासकडे, आणि निकालांची यादी वेगळ्या शीटमध्ये. दोन्ही दिशांनी एकाच शीटमध्ये लिहिलं, की दोन फायलींमध्ये मिळून फेरा पडतो आणि तो कुठलंच साधन पकडत नाही. एकक शीर्षकातच लिहा. "उंची" नको, "उंची मिमी" हवं.

फाइल फार मंदावली आहे.

एक्सेलमध्ये आधी ऑफसेट, इनडायरेक्ट, नाऊ आणि रँड शोधा. शीटमध्ये काहीही बदललं तरी ही फंक्शनं पुन्हा मोजली जातात आणि त्यांच्यावर टेकलेलं सगळंही. ग्रासहॉपरमध्ये प्रोफायलर सुरू करा, कोणता ठोकळा किती वेळ खातो ते त्याच्याखाली दिसतं. बहुतेक वेळा एकदोनच ठोकळे जड असतात. त्यांच्या आधी डेटा डॅम लावा, म्हणजे स्लायडर हलवताना माहिती तिथे थांबते आणि तुम्ही सोडाल तेव्हाच पुढे जाते.

शेवटी कोड शिकावाच लागतो का?

सक्ती नाही. पण "हे अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा कर" असं काम आलं, किंवा एका फॉर्म्युल्यात इफच्या आत इफच्या आत इफ गेला, की पायथनच्या दहा ओळी स्वच्छ पडतात. ग्रासहॉपरमध्ये पायथनचा ठोकळा आहे, एक्सेलमध्येही २०२३ पासून पायथन आलंय. तारा आणि सेल वापरणाऱ्याला नाती मांडायची सवय झालेली असते. त्याच्यासाठी नवं असतं ते फक्त क्रम लिहिणं.

दुसऱ्याची मोठी फाइल हातात आलीय. वाचायला कुठून घ्यावी?

शेवटाकडून. शीटमध्ये जो आकडा पुढे कुणाला तरी जाणार आहे त्या सेलवर जा आणि एकेक प्रिसिडंट मागे चालत या. ग्रासहॉपरमध्ये जे बेक होतं, म्हणजे राइनोत खरी वस्तू म्हणून उतरवलं जातं, त्या ठोकळ्यापासून डावीकडे. वाटेत जे लागलं नाही ते बहुधा मेलेलं आहे. ते लगेच पुसू नका, बाजूला गटात ठेवा.

मग एक आकडा असा घ्या ज्याचं उत्तर तुम्ही कागदावर काढू शकता, आणि तो घालून पाहा. जिन्याला ३१५० द्या. अठरा रायझर आले नाहीत, तर आणखी वाचण्याआधी राउंडच्या ठोकळ्याची तार कुठल्या निकालातून निघते ते पाहा.